मेटल डिटेक्टर वापरताना : अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी



2025 च्या जानेवारीत आपल्या शाळेच्या मैदानावर संक्रांतीचे हळदीकुंकू झाले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या संध्याकाळी एका विद्यार्थिनीच्या आजींच्या मंगळसूत्राची एक वाटी तुटून पडली. वाटी लहानशी, पण त्यांच्या सासूबाईंच्या वेळची. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांनी मिळून मैदान पालथे घातले, पण वाटी काही मिळाली नाही. मग जे नेहमी होते तेच झाले. मैदान झाडणाऱ्या आपल्या मावशींकडे काही जण वेगळ्या नजरेने पाहू लागले. नाव घेऊन कोणी काही बोलले नाही, परंतु न बोललेलेही ऐकू येतेच. मावशी दोन दिवस कामावर आल्या नाहीत.

प्रयोगशाळेच्या कपाटात एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेला मेटल डिटेक्टर होता. विमानतळावर अंगावरून फिरवतात तो लहान दांडा नव्हे. हा लांब दांड्याचा, खाली ताटाएवढी तबकडी असलेला. आम्ही तो वर्षातून एकदा, विज्ञान प्रदर्शनात, खुर्चीचा पाय 'शोधून' दाखवण्यासाठी बाहेर काढत असू. मी मोठ्या आत्मविश्वासाने तो घेऊन मैदानात गेलो, दोन तास फिरलो आणि दोन खिळे, एक बाटलीचे झाकण आणि पाठदुखी घेऊन परत आलो. यंत्र चांगले होते, शोधणारा कच्चा होता. पुढच्या पंधरा दिवसांत माझ्याकडून काय काय चुकत होते आणि ते कसे दुरुस्त झाले, ते आज सांगणार आहे.

आधी यंत्र करते काय ते पाहू. तबकडीत तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलत वाहते, त्यामुळे खालच्या जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे लहान लहान विद्युतप्रवाह फिरू लागतात (दहावीच्या विद्यार्थ्यांनी फॅरडेचा धडा आठवावा). हे भोवरे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि दुसरे वेटोळे ते 'ऐकते'. ऐकू येणारे उत्तर किंचित उशिरा येते. किती उशिरा, ते धातू कोणता, केवढा आणि किती जाड यावर अवलंबून असते. पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे याच उशिराचे माप. तो धातूचे नाव नव्हे. आकडा पाहून "हे सोने" असे यंत्र कधीच सांगत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

नेमके इथेच माझे पहिल्या दिवशी चुकले. यंत्रावर 'डिस्क्रिमिनेशन' नावाची सोय असते. नको त्या धातूंचे आवाज तिने बंद करता येतात. मैदानावर चॉकलेटचे चांदीचे कागद आणि गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे अमाप. त्यांचा त्रास नको म्हणून मी खालचे सगळे आकडे बंद करून टाकले. पण लहान, पातळ सोन्याच्या वस्तूचा आकडा त्याच चांदीच्या कागदाच्या शेजारी येतो! कचऱ्याला दार लावले आणि वाटीलाही बाहेर ठेवले. जी वस्तू शोधायची तिचा आकडा कुठे येतो, हे शोध सुरू करण्याआधीच पाहायला हवे होते. दुसऱ्या दिवशी त्या आजींना विनंती केली. त्यांनी उरलेली वाटी आणली, ती ओट्यावर ठेवली आणि तिच्यावरून तबकडी फिरवली. आकडा कागदाइतकाच खालचा, पण आवाज आखूड आणि गोल. तो आवाज मी वीस-पंचवीस वेळा ऐकला, डोळे मिटून ऐकला. (गंमत म्हणजे सोन्याच्या बारीक साखळीला यंत्राने जवळजवळ दादच दिली नाही. साखळीच्या कड्या एकमेकींना नीट टेकत नाहीत, त्यामुळे यंत्राला सलग साखळी न दिसता एकेक चिमुकली कडी दिसते. हरवलेली साखळी शोधताना तिचा फासा किंवा पदक सापडण्याची आशा अधिक.)

दुसरी चूक सेन्सिटिव्हिटीची. बटण शेवटपर्यंत फिरवले की यंत्र जास्त खोल पाहील, असे सर्वांनाच वाटते. प्रत्यक्षात ते जास्त बडबड करते. कूपनलिकेच्या पंपाची तार, कुंपणाबाहेरचा विजेचा खांब, माझ्या खिशातला मोबाइल, साऱ्यांच्या कुजबुजीला ते उत्तर देऊ लागते. बटण हळूहळू मागे आणावे आणि तबकडी स्थिर धरली असता यंत्र गप्प बसेल तिथे थांबावे. गप्प यंत्राचा एक लहान आवाज बडबड्या यंत्राच्या शंभर आवाजांपेक्षा उपयोगी. मोबाइल तर वर्गातच ठेवून यावा.

तिसरी गोष्ट आपल्या माळव्याच्या जमिनीची, आणि ती जरा विस्ताराने सांगायला हवी. आपल्या पायाखालचा काळा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज असते. काळी माती आणि मैदानावर पसरलेला मुरूम, दोन्ही याच खडकाच्या झिजेतून आलेली. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने इथली जमीनच थोडीशी लोखंडी आहे. विलायती वाळूत किंवा शेतात जे यंत्र वीतभर खोलीवरचे नाणे सहज सांगते, ते आपल्याकडे त्याच्या निम्म्या खोलीवर अडखळते. यावर उपाय म्हणजे 'ग्राउंड बॅलन्स'. धातू नसलेली मोकळी जागा पाहायची, तबकडी जमिनीपासून टाचेपासून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत वर-खाली करायची आणि वर-खाली करतानाही आवाज एकसारखा राहील तोपर्यंत बटण जुळवायचे. मग यंत्र जमिनीचा आवाज वजा करून ऐकते. मी हे एकदाच केले आणि दिवसभर फिरलो. पण आपल्या मैदानात मुरूम, बागेजवळ काळी माती आणि जुन्या भिंतीपाशी विटांचा चुरा आहे. भाजलेल्या विटेतले लोह चुंबकीय होते, त्यामुळे विटेचा तुकडाही धातूचे सोंग आणतो. जमीन बदलली की जुळणी पुन्हा करावी, हे कळायला मला चार दिवस लागले.

आजूबाजूच्या धातूने किती मोठा घोटाळा होतो याचे इतिहासातले उदाहरण फार बोलके आहे. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात कुठे अडकली हे डॉक्टरांना कळेना; क्ष-किरण अजून सापडायचे होते. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी वेटोळी आणि टेलिफोनचा श्रवणभाग जोडून एक यंत्र बनवले. जुन्या युद्धातल्या गोळ्या अंगात असलेल्या सैनिकांवर त्यांनी ते आधी तपासूनही पाहिले; ते चालत होते. पण राष्ट्राध्यक्षांच्या खाटेपाशी ते घोंघावत राहिले, गोळीची नेमकी जागा मिळेना. मागाहून बेल यांना समजले की गादीच्या खाली पोलादी तारा होत्या. शिवाय गोळी उजव्या बाजूला असल्याची मुख्य डॉक्टरांना खात्री होती, म्हणून त्याच बाजूला शोध घेऊ दिला गेला. गोळी होती डावीकडे. 19 सप्टेंबर 1881 रोजी गारफील्ड वारले. बेलसारख्या माणसाचेही यंत्र, खाली काय आहे ते न पाहिल्यामुळे आणि चुकीच्या जागी धरल्यामुळे, निकामी ठरले. मग मी लोखंडी बाकाच्या पायाशी अर्धा तास 'मोठा ठेवा' ऐकत उभा राहिलो, यात नवल ते काय!

आता हाताची गोष्ट. नवखा माणूस गवत कापल्यासारखा यंत्र झुलवतो. दोन्ही टोकांना तबकडी वर उचलली जाते आणि तेवढ्या भागातली खोली फुकट जाते. तबकडी जमिनीला समांतर, दोन बोटांच्या अंतरावर, फरशी पुसल्यासारखी न्यावी. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा तरी यावा. याचे कारण असे की तबकडीखालचे क्षेत्र साधारण उलट्या शंकूसारखे खाली निमुळते होत जाते. वर ताटाएवढे, खोलात मुठीएवढे. आणि वेग? मी प्रथम एका तासात अर्धे मैदान संपवत होतो. पुढे तेवढ्याच वेळात वर्गाच्या खोलीएवढी जागा होऊ लागली. आम्ही रांगोळीने चौकोन आखले आणि एक चौकोन आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम असा पाहिला. एका दिशेने मुकी राहिलेली वस्तू दुसऱ्या दिशेने बोलते, कारण शेजारचा खिळा एकीकडून तिला झाकतो.

कान तयार होणे ही मात्र सांगून कळणारी बाब नाही. तरी थोडक्यात सांगतो. खिळ्याचा आवाज तुटक असतो. नव्वद अंशांत वळून पुन्हा पाहिले की तो बदलतो किंवा नाहीसा होतो. नाण्यासारखी गोल वस्तू चारी बाजूंनी सारखीच बोलते. चुरगळलेल्या कागदाचा आवाज फाटका येतो. बाटलीचे पत्र्याचे झाकण सर्वांत लबाड. ते कधीकधी थेट चांगल्या धातूचा आव आणते. तबकडी हळूच बाजूला सरकवून केवळ तिच्या कडेने ऐकले की त्याचे सोंग पुष्कळदा उघडे पडते. पण हे सारे कधी कळते? आवाज ऐकला, मनाशी अंदाज केला, खणले आणि अंदाज चुकला, असे पुष्कळदा झाल्यावर. म्हणून पहिल्या महिन्यात प्रत्येक आवाज खणावा, असे माझे मत आहे. आमच्या वहीत चार रकाने होते : आवाज कसा, आकडा किती, मला काय वाटले, निघाले काय. पहिल्या पानावर तिसरा आणि चौथा रकाना क्वचितच जुळतो. आठव्या पानावर निम्म्याहून अधिक जुळलेले आहेत. ती वही प्रयोगशाळेत आहे, कोणीही पाहावी. त्यात कर्कटकांची टोके आहेत, ब्लाऊजचे हुक आहेत, रिफिलीची टोके, सायकलची घंटी, चार किल्ल्या आणि अॅल्युमिनियमचे कंगोरेदार दहा पैसे आहेत.

घरी करता येईल असा एक प्रयोग नाण्यांचा आहे, आणि त्याला डिटेक्टरही नको, लोहचुंबक पुरे. 1992 नंतरचा स्टेनलेस स्टीलचा एक रुपया चुंबकाला चिकटतो. जुना जाड, तांबे-निकेलचा पाच रुपयांचा बंदा चिकटत नाही. अॅल्युमिनियमचे दहा पैसे चिकटत नाहीत. कुणाच्या घरी होळकरांच्या वेळचा तांब्याचा पाव आणा असेल, तर तोही नाही. आता हीच नाणी यंत्राखाली धरली तर तांब्याचा पाव आणा खणखणीत, वरच्या आकड्याला बोलतो. जाड पाच रुपये बरेच खाली येतात. स्टीलचा रुपया मात्र गोंधळ घालतो : आकडा इकडून तिकडे उड्या मारतो, आवाज कधी खिळ्यासारखा तुटक. म्हणजे आपल्या आजच्या खिशातले नाणे यंत्राला नीटसे नाणे वाटतच नाही. विलायती माहितीपत्रकात दिलेला आकड्यांचा तक्ता आपल्याकडे जसाच्या तसा का चालत नाही, हे मुलांना यातून चटकन समजले. आपला तक्ता आपणच करायचा.

एवढे सगळे करूनही वाटी मिळत नव्हती. मांडव होता ती सगळी जागा उभी-आडवी पाहून झाली होती. तोवर मावशी कामावर परतल्या होत्या. आमच्यापासून दूर, व्हरांड्यात बसून पाहत होत्या. एका संध्याकाळी त्या उठून आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही इथे शोधता, पण सतरंज्या इथे कुठे झटकल्या? त्या लिंबाकडे नेऊन झटकल्या मुलांनी."

आम्हा कोणालाही हे विचारायचे सुचले नव्हते. ज्या व्यक्तीला मैदानाचा कोपरा अन् कोपरा ठाऊक होता, तिलाच सोडून आम्ही यंत्राला विचारत होतो. त्याच संध्याकाळी कडुलिंबाखाली नवे चौकोन आखले. जमीन काळी, म्हणून जुळणी पुन्हा केली. खालचे आकडे उघडे ठेवले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून 37 ठिकाणी खणले, त्यातले तेवीस चांदीचे कागद. अडतिसावा आवाज आखूड होता, गोल होता, दोन्ही दिशांनी सारखा होता. खुरपे मावशींच्या हातात होते. वाटी पाचोळ्याखाली बोटभर खोल, मातीत उपडी पडली होती. आजी स्वतः शाळेत आल्या, मावशींना तिळगूळ दिला. संक्रांत होऊन महिना होत आला होता, पण ते कोणी मनावर घेतले नाही. ज्यांनी आधी कुजबुज केली त्यांच्यापैकी दोघांनी मावशींची क्षमा मागितली. सर्वांनी मागितली नाही, हेही लिहून ठेवतो.

याची बातमी मुलांत पसरली आणि पुढचे प्रकरण उभे राहिले. मार्च 2025 मध्ये, 'छावा' चित्रपटानंतर, बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात मोगलांचे सोने पुरले आहे अशी हूल उठली. रात्री टॉर्च, कुदळी आणि काही जण मेटल डिटेक्टर घेऊन शेते खणू लागले. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर ते आपण सर्वांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी नववीची मुले माझ्याकडे आली : "सर, आपले यंत्र घेऊन जाऊ या ना!" मी त्यांना नाही म्हटले, आणि त्याची कारणे पालकांनाही ठाऊक असावीत म्हणून इथे देतो.

पहिले कारण कायद्याचे. 1878 चा निखात निधी कायदा (निखात म्हणजे पुरलेला) सांगतो की जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. दहा रुपये हे त्या काळचे; पण कायद्याचा आशय स्पष्ट आहे. संरक्षित स्मारकांच्या जागेत विनापरवाना खणणे हा 1958 च्या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि दुसऱ्याच्या शेतात त्याला न विचारता कुदळ मारणे याला कायद्याचे पुस्तक कशाला हवे?

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. 16 नोव्हेंबर 1992 रोजी इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात हॉक्सन गावी पीटर व्हॉटलिंग नावाच्या शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याने आपले मित्र एरिक लॉज यांना बोलावले. लॉज हे निवृत्त माळी. डिटेक्टर त्यांना निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला. हातोड्याच्या शोधात त्यांना चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी लागली. काही वस्तू वर काढल्यावर ते थांबले. जमीन परगण्याच्या कौन्सिलची होती; तिला आणि पोलिसांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन बाकीचा ठेवा काळजीपूर्वक काढला : सुमारे पंधरा हजार रोमन नाणी आणि दोनशेच्या आसपास सोन्या-चांदीच्या वस्तू, पाचव्या शतकाच्या आरंभी पुरलेल्या. लॉज थांबले म्हणूनच लाकडी पेटीत कोणती वस्तू कुठे, कशात गुंडाळून ठेवली होती, हे कळू शकले. पेटी कुजून गेली होती, पण तिची रचना मातीत शिल्लक होती. कुदळीने घाईघाईत उपसले असते तर तेवढेच सोने मिळाले असते आणि ही सगळी माहिती मातीतच चिरडली गेली असती. लॉज यांना तिथल्या कायद्याप्रमाणे साडेसतरा लाख पौंड मिळाले, त्यांनी त्यात शेतकऱ्याला वाटा दिला. हातोडाही पुढे सापडला; तो आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. मुलांना सोन्यापेक्षा हातोड्याचीच गोष्ट जास्त आवडली.

आपण यंत्र वापरणार ते आपल्याच मैदानावर, हरवलेल्या वस्तूंसाठी. खणताना माती तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटवावी, वस्तू काढल्यावर पुन्हा बसवून पायाने दाबावी. संध्याकाळी कबड्डीवाल्यांना खड्डा लागता कामा नये. निघालेला कचरा, विशेषतः खिळे आणि ब्लेडचे तुकडे, डब्यात भरून आणावेत. त्या पंधरा दिवसांत मैदानातून दोन डबे धारदार लोखंड निघाले. ज्या पालकांची मुले तिथे अनवाणी खेळतात, त्यांना याचे मोल सांगायला नको. हातात मोजे घालावेत. आणि जुनी, वेगळी वाटणारी वस्तू दिसली तर हात न लावता मला बोलवावे.

इयत्ता आठवी आणि नववीसाठी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर सराव असतो. येताना घरातली जुनी नाणी आजी-आजोबांना विचारून आणावीत, परत नेण्यासाठी त्यांची यादी वहीत लिहून द्यावी. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. बाटली शक्यतो प्लॅस्टिकची.